कच्च्या निबंधावर लाल पेन किती चालवावं?

प्रश्न : नववीच्या मुलांचे कच्चे निबंध लाल शेऱ्यांनी भरून परत देते, तरी पक्क्या प्रतीत त्याच चुका. काय करू?
– एक शिक्षिका, उचगाव (ता. करवीर)

उत्तर : बाई, शेऱ्यांसोबत कच्च्या प्रतीवर गुणही देत असाल, तर आधी ते थांबवा. रूथ बटलर यांच्या १९८८च्या इस्रायलमधील अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्याशेजारी गुण आले की तो फायदा उरला नाही. शुद्धलेखन शेवटी बघा. जो परिच्छेद उडणारच आहे, त्यातली वेलांटी कशाला सुधारायची? ‘विस्तार करा’ या शेऱ्याने तर पोरं नुसतं पाणी वाढवतात. त्यापेक्षा विचारा : ‘जोतिबाच्या यात्रेत गर्दी होती म्हणतोस, सासनकाठी तू कुठून पाहिलीस?’ एका वहीत असे दोनच प्रश्न पुरेत. पक्की प्रत मात्र वर्गातच लिहून घ्या. घरी सुवाच्य नक्कल तेवढी होते.