खड्डा दरवर्षी त्याच जागी का पडतो?

प्रश्न : मी पिंपळवंडीचा. नोकरीसाठी रोज गाडीने मंचरला जा-ये करतो. महामार्गाला लागण्याआधी गावाकडच्या रस्त्यावर, उसाच्या एका वावराशेजारी एक खड्डा आहे. दर दिवाळीच्या सुमारास तो बुजवतात आणि पुढच्या पोळ्याला तो पुन्हा हजर. दोन हात अलीकडे नाही की पलीकडे नाही! यंदा त्याने माझा एक टायर आणि पुढच्या चाकाचा लोअर आर्म खाल्ला. खड्ड्याला आपली जागा लक्षात कशी राहते? आणि हा भुर्दंड मागायचा कोणाकडे?
– एक वाचक, पिंपळवंडी, ता. जुन्नर

उत्तर : जागा खड्ड्याच्या नाही, पाण्याच्या लक्षात राहते.

पाऊस रस्त्यावर पडून वाहून गेला, तर डांबराचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पाणी थांबलं की. डांबराच्या थराला कुठेतरी केसाएवढी चीर असते. तिच्यातून पाणी खालच्या खडी-मुरमात उतरतं. त्याखाली काळी माती असेल तर विचारूच नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. अशा पिचपिचीत पायावरून जड चाक गेलं की दाबलेलं पाणी चिरेतून वर उसळतं आणि येताना मातीचे बारीक कण घेऊन येतं. पावसाळ्यात चिरेभोवती पिवळट गाळाचा ओघळ उमटलेला तुम्ही पाहिला असेल. तो खड्ड्याचा साखरपुडा समजा. आतून माती निघून गेली की वरचं डांबर पापुद्र्यासारखं अधांतरी राहतं आणि पुढच्या एखाद्या चाकाखाली बसतं.

हे चाक मोटारीचं क्वचितच असतं. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ऑटावा गावाजवळ, मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले गेले. निष्कर्ष असा निघाला की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, साधारण सोळापट होते. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि भरलेल्या ट्रकच्या मागच्या आसावर दहा टन धरा. वजन वीसपट, पण झीज दीड लाख पटींहून जास्त. थोडक्यात, तुमच्या गाडीने रस्ता खराब होत नाही, रस्त्याने तुमची गाडी खराब होते.

आपल्या भागात यात आणखी एक मेख आहे. कोरडवाहू मुलखात रस्त्याचा पाया निदान आठ महिने सुका असतो. इथे येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी शिवारं हिरवी केली, आणि रस्त्यालगतच्या उसाला पाणी सोडलं की रस्त्याच्या कडेला हिवाळ्या-उन्हाळ्यातही ओल उतरते. नेमकी त्याच वेळी गाळपाच्या हंगामात उसाची वाहतूक सुरू असते. म्हणजे पाया ओला असताना त्यावरून डबल ट्रॉल्या जातात.

बुजवण्याचंही बघा. खड्डा नीट बुजवायचा तर त्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापाव्या लागतात, आतला सैल माल आणि पाणी काढावं लागतं, पातळ डांबराचा हात मारून गरम माल थराथराने भरून दाबावा लागतो. बहुतेक ठिकाणी आपल्याला दिसतात ती मुरमाची चार घमेली आणि वर फावड्याच्या पाठीचे दोन रट्टे. पण काम चोख झालं तरी पाणी तिथेच तुंबणार असेल, तर त्या ठिगळाचं आयुष्य एका पावसाळ्याचं.

आता गाडीकडे वळू. खड्डा दिसल्यावर ब्रेक दाबायचा तो खड्ड्याच्या आधी. चाक आत उतरताना पाय उचला. ब्रेक दाबलेला असताना गाडीचा भार पुढे येतो, स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि धक्का थेट लोअर आर्म नि बॉल जॉइंटवर बसतो. हवा कमी असेल तर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात टायर चिमटतो. म्हणून महिन्यातून दोनदा, टायर गार असताना, हवा तपासा. पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून चालवलं तर खड्डा दिसायला वेळच मिळत नाही. पाण्याने भरलेला खड्डा तर खोलच समजावा.

दणका जोराचा बसला की घरी आल्यावर टायरच्या कडेवरून हात फिरवा, आणि आतल्या बाजूनेही फिरवा, कारण फुगा बरेचदा आतून येतो नि तो दिसत नाही. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बदलायचाच. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल तर अलाइनमेंट गेली. हळू चालवताना खालून खटखट येत असेल तर लिंक रॉड किंवा बुश बघायला सांगा. मात्र आधी अलाइनमेंट आणि मग बुश, असं उलटं काम करून घेऊ नका. बुश बदलले की अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा जातात.

पैशाचं उत्तर कडू आहे. सर्वंकष विमा असला तरी गाडीला दुसरी काही इजा न होता नुसता टायर गेला, तर साध्या पॉलिसीत तो धरत नाहीत. गाडीलाही मार बसला असेल तर टायरची निम्मी किंमत मिळते. रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आपल्या खिशातून जातात, आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. लहान कामासाठी दावा करण्याआधी कागदावर बेरीज-वजाबाकी करा. कित्येकदा दावा न करणंच स्वस्त पडतं.

रस्त्याच्या मालकाकडून मागायचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण तो माणसांसाठी आहे, टायर त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्यातलं 2019 चं कलम 198-अ देखील रस्त्याच्या दोषामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच लागू होतं. त्यात कंत्राटदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे.

म्हणून तक्रार करायची ती पैशासाठी नाही, रस्त्यासाठी. त्याआधी रस्ता कोणाचा ते बघा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. तुमचा पुणे-नाशिक, म्हणजे क्रमांक 60, तसा आहे. तिथे 1033 वर फोन लावा. हिरवा माथा राज्यमार्गाचा, तिथे सार्वजनिक बांधकाम खातं. नारिंगी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा. त्या रस्त्याच्या तोंडाशी एक फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख वाचा. तिथून पाच वर्षं देखभाल कंत्राटदाराच्या गळ्यात असते. दगडही नाही नि फलकही नाही, असं असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा.

आणि तक्रारीत ‘खड्डा बुजवा’ एवढंच लिहू नका. ‘पाणी काढून द्या’ असं लिहा. जाऊन नीट पाहिलंत तर त्या वावरासमोर रस्त्याची चारी बुजलेली सापडण्याची शक्यता मोठी. ट्रॅक्टर शेतात घालायला कोणीतरी तिच्यात माती लोटतो, खाली नळा टाकायचा राहून जातो, आणि वरून वाहत आलेलं पाणी तिथे अडून डांबरावर चढतं. तुमचा खड्डा दोन हातही सरकत नाही, याचं कारण बहुधा हेच.

वावर कोणाचं, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. तुमचं किंवा भावकीतलं असेल, तर तक्रारअर्जाआधी एक सिमेंटचा नळा आणा. एका टायरहून महाग पडणार नाही.