वर्षभरात दहा कपडे, स्वतःच्या हातचे : खर्च किती, बचत किती?

गेल्या वर्षी मी ठरवलं, की बारा महिने स्वतःसाठी एकही तयार कपडा घ्यायचा नाही आणि शिंप्याकडेही टाकायचा नाही. लागेल ते घरी शिवायचं. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आईचं पायमशीन कित्येक वर्षं चादरीखाली झाकलेलं होतं. त्यावर दहा कपडे शिवून झाले. आता ओळखीच्या बायका पहिला प्रश्न विचारतात तो पैशांचाच : "परवडतं का?" त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. इथले दर मी भिलाई-दुर्गच्या दुकानांतून फिरून मोजलेले, ढोबळ आहेत. दुकान आणि मोसम बदलला की तेही थोडे बदलतील.

आधी यादी, मग कापड

झोई एडवर्ड्स या इंग्लंडमधल्या शिवणकारणीने २०१० मध्ये 'मी-मेड-मे' हा संकल्प सुरू केला. मे महिन्यात स्वतः शिवलेले कपडे जास्तीत जास्त वापरायचे, आणि किती वापरायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यात भर शिवण्यापेक्षा वापरण्यावर आहे, ते मला फार पटलं. म्हणून कपाट उघडून आठवडाभर आपण खरंच काय घालतो ते लिहून काढा. माझी यादी अशी झाली : दोन परकर, दोन पायजमे, एक गाऊन, दोन कुर्ते, तीन अस्तराचे ब्लाउज. शिवण्याचा क्रमही हाच ठेवा. परकर-पायजम्यात सरळ टीप बसते, गाऊनमध्ये गळा जमतो, कुर्त्यात बाही जोडता येते, आणि मग ब्लाउजला हात घालावा.

सुरुवातीचा खर्च

सगळं नवीन घेतलं तर :

- स्टँडसह साधं काळं मशीन : ७,५०० रुपये
- मोटर : १,५०० रुपये
- कापडाची चांगली कात्री : ४५० रुपये
- टेप, खडू, सुया, बॉबिन, टाचण्या, उसवणी : ४०० रुपये
- सरावासाठी पाच मीटर मांजरपाट : २५० रुपये
- गल्लीतल्या शिवणवर्गाचे तीन महिने, ८०० प्रमाणे : २,४०० रुपये

एकूण १२,५०० रुपये. घरात जुनं मशीन असेल तर मशीन-मोटरच्या ९,००० रुपयांच्या जागी सर्व्हिसिंगचे ३०० लागतात, आणि हाच आकडा ३,८०० वर येतो. म्हणून दुकानात जाण्याआधी आई, सासूबाई, मावशी यांच्याकडे विचारा. माझं मशीन असंच निघालं. तेलपाणी केलं, पट्टा बदलला आणि ते चालू झालं.

दहा कपड्यांचा हिशेब

कापड मापून घ्या. पन्हा ३६ इंची आहे की ४४ इंची, हे भाव विचारायच्या आधी विचारा. खालची मापं ४४ इंची पन्ह्याची आणि मध्यम बांध्याची आहेत.

- परकर २ : ४.५ मीटर, ९० रुपये दराने ४०५
- पायजमे २ : ४.५ मीटर, १०० रुपये दराने ४५०
- गाऊन १ : ३ मीटर, ११० रुपये दराने ३३०
- कुर्ते २ : ५ मीटर, १४० रुपये दराने ७००
- ब्लाउज ३ : कापड ३९०, अस्तर २१०, मिळून ६००

कापडाचे झाले २,४८५ रुपये. ते शिंप्याकडे दिलं असतं तरी लागलंच असतं, त्यामुळे बचत मोजायची ती फक्त शिलाईची. इथल्या शिलाईचे दर परकराला ८०, पायजम्याला १५०, गाऊनला २५०, कुर्त्याला ३०० आणि अस्तराच्या ब्लाउजला ४५० धरले, तर दहा नगांचे २,६६० रुपये होतात. त्यातून दोरा, हूक, नाडी यांचे २६० आणि बाहेरून इंटरलॉक करून घेण्याचे २०० वजा करा. हाती राहतात २,२०० रुपये.

म्हणजे जुन्या मशीनवर शिवलं तर सुरुवातीचा खर्च सुमारे पावणेदोन वर्षांत निघतो. नवीन मशीन घेतलं तर जवळजवळ पावणेसहा वर्षं लागतात. पैसे वाचवण्यासाठी म्हणून पहिल्याच महिन्यात नवीन मशीन घेऊ नका, असं मी कळकळीने सांगते. शिवणवर्गातल्या मशीनवर तीन महिने काढा. गोडी टिकली तर मग घ्या.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. दहापैकी ब्लाउज तीनच, पण शिलाईतले १,३५० रुपये, म्हणजे निम्म्याहून जास्त, त्यांचेच. हळदीकुंकू, गणपती, लग्नसराई धरून ज्या घरात वर्षाला सहा-आठ ब्लाउज शिवले जातात, तिथे ब्लाउज शिकल्याबरोबर गणित पालटतं. परकर-पायजम्यावर थांबलात तर हौस भागेल, खर्च भरून निघायला मात्र फार वेळ लागेल.

कापड कुठून घ्यावं?

एक-दोन नगांसाठी सुपेला, पॉवर हाउसचं जवाहर मार्केट किंवा दुर्गचं इंदिरा मार्केट पुरे. रायपूरच्या पंडरी कापड बाजारात मीटरमागे वीस रुपये कमी पडले, तर ब्लाउजचं कापड-अस्तर धरून वरच्या यादीच्या २३ मीटरवर ४६० रुपये वाचतात. लोकल आणि रिक्षाचे दीडशे गेले तरी वर्षाचं कापड एकदम घेणाऱ्याला ते परवडतं. एका कुर्त्यासाठी जाऊ नका.

मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, त्यामुळे सुतीच घ्या. पण सुती कापड आटतं. माझा पहिला कुर्ता न भिजवता बेतला होता. पहिल्या धुण्यातच तो काखेत आवळला आणि ३५० रुपयांचं कापड वाया गेलं. तेव्हापासून नवीन कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावते. चांप्याच्या कोसा रेशमाचा मोह आपल्या छत्तीसगडमध्ये कुणाला होत नाही! पण ते महाग, आणि कापलेल्या कडेचे धागे सुटतात. त्याला दुसरं वर्ष द्या.

मशीन घेताना

- स्वतःचं कापड घेऊन जा. एकदा मलमल आणि एकदा चार घड्यांचं जाड सूत चालवून बघा. टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे.
- सुई मलमलीला ११ नंबर, साध्या सुतीला १४ आणि जाड कापडाला १६.
- शिवणयंत्रावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- 'पंतप्रधान मोफत शिलाई मशीन' अशा नावाने फिरणाऱ्या संदेशांना बँकेची माहिती किंवा पैसे देऊ नका. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने असे दावे खोटे ठरवले आहेत. पीएम विश्वकर्मा योजना खरी आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, पण ती शिवणकाम हाच व्यवसाय असणाऱ्यांसाठी आहे. घरच्यापुरतं शिवणाऱ्यांनी तिथे अर्ज करून गरजू शिंप्याची जागा अडवू नये.

शेवटचा आकडा

बाजूला ठेवायची रक्कम अशी : जुनं मशीन असेल तर ३,८०० आणि कापड, सामान आणि इंटरलॉकचे २,९४५, म्हणजे ६,७४५ रुपये. चुकीमुळे वाया जाणाऱ्या कापडासाठी आणखी ५०० धरा. सव्वासात हजारांत वर्ष निघतं. तिसरा ब्लाउज अंगावर नीट बसला, त्या दिवशी मला वाटलं की हे पैसे योग्य जागी गेले. पुढच्या ब्लाउजचीही शिलाई वाचणार होती, आणि आईचं मशीन आता चादरीखाली जाणार नव्हतं.