अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा : वनजिल्ह्यांतील शाळांसाठी एक पाठ

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जंगल हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातील विषय नाही. तेंदूपाने, मोहफुले व बांबू यांवर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असतो. ताडोबाच्या परिसरात तर वाघ शिवारापर्यंत येतो. या साऱ्यांविषयीचे निर्णय कोणत्या ना कोणत्या बैठकीत होतात. त्या बैठकीत गावाचा प्रतिनिधी हजर असला, पण त्याला आपले म्हणणे मांडता आले नाही, तर त्याची हजेरी कागदावरच राहते. धड्याखालील प्रश्नांची उत्तरे देण्याची सवय शाळेत लागते; परंतु दुसऱ्याची बाजू समजून घेऊन आपली बाजू मांडण्याची सवय क्वचितच लावली जाते. ही उणीव भरून काढण्याचे एक चांगले साधन म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा होय.

स्वरूप

संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना २४ ऑक्टोबर १९४५ रोजी झाली. आज त्याची १९३ सभासद राष्ट्रे आहेत. आमसभेत प्रत्येक राष्ट्राला एकच मत असते. भारताचे एक, तसेच मालदीवचेही एक. अभिरूप सभेत प्रत्येक विद्यार्थी एका राष्ट्राचा प्रतिनिधी होतो व ठरलेल्या विषयावर भाषण, वाटाघाटी, ठराव, दुरुस्त्या व मतदान या क्रमाने कामकाज चालते. वक्तृत्वस्पर्धेत टाळ्या मिळविणारा श्रेष्ठ ठरतो. येथे ज्याच्या ठरावाला इतरांचा पाठिंबा मिळतो तो यशस्वी होतो.

पूर्वतयारीचे चार आठवडे

पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या टाकून राष्ट्रे वाटावीत. प्रत्येकाने नकाशा व संदर्भग्रंथ यांच्या आधारे आपल्या राष्ट्राची लोकसंख्या, शेती, खनिजे, शेजारी व अडचणी यांची एक पानाची टिपणी तयार करावी. दुसऱ्या आठवड्यात विषयाचा अभ्यास करावा व आपले राष्ट्र कोणती भूमिका घेईल आणि का, हे लिहून काढावे. तिसऱ्या आठवड्यात ठरावाचा मसुदा करण्यास शिकवावे. ठरावाच्या पहिल्या भागात कारणे येतात, दुसऱ्या भागात कोणी काय करावे हे येते. चौथ्या आठवड्यात एक रंगीत तालीम घ्यावी. अध्यक्षपद शिक्षकांनी न घेता विद्यार्थ्याकडे सोपवावे. शिक्षकांनी फक्त नियमांची आठवण द्यावी.

शब्दाचे मोल

मसुदा करताना एकेका शब्दाचे वजन विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यात पहिल्या कलमाचा आरंभ ‘सर्व पुरुष’ असाही घेता येईल अशा शब्दांनी होत होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द आले.

या जिल्ह्यांना अधिक जवळचे उदाहरण १३ सप्टेंबर २००७ चे आहे. त्या दिवशी आमसभेने आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. बाजूने १४४ व विरुद्ध ४ मते पडली. ११ राष्ट्रे तटस्थ राहिली. विरोध करणारी राष्ट्रे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड व अमेरिका ही होती. पुढे चौघांनीही आपली भूमिका बदलून जाहीरनाम्यास पाठिंबा दिला. वादाचा एक मुख्य मुद्दा जमिनीचा व तिच्याविषयीच्या निर्णयापूर्वी घ्यावयाच्या संमतीचा होता. भारताने बाजूने मत दिले. मात्र स्वातंत्र्यानंतरचे सर्वच भारतीय या भूमीचे मूळ रहिवासी आहेत, अशी आपली भूमिका नोंदविली.

गडचिरोलीचा मोठा भाग व चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे लागू असलेल्या १९९६ च्या पेसा कायद्यात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य पातळीवरील पंचायतीशी ‘विचारविनिमय’ करावा असे म्हटले आहे. ‘विचारविनिमय’ आणि ‘संमती’ यांत काय अंतर आहे, हा प्रश्न वर्गात विचारावा. पाठ तेथेच निम्मा होतो.

हा विषय सभेसाठी घेतल्यास एखाद्या माडिया किंवा गोंड कुटुंबातील मुलाच्या चिठ्ठीत कॅनडा येऊ शकेल. ती चिठ्ठी बदलून देऊ नये. ज्या मताशी आपले पटत नाही त्यामागील कारणे शोधून ती प्रामाणिकपणे मांडणे, हाच या उपक्रमाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयुक्त भाग आहे. समोरच्याची अडचण ज्याला कळली, त्यालाच वाटाघाटी साधतात. सभा संपल्यावर मात्र प्रत्येकाला स्वतःचे मत सांगण्याची संधी अवश्य द्यावी.

भाषेचा अडसर

इंग्रजी येत नाही म्हणून हा उपक्रम आपल्या शाळेसाठी नाही, असे मानण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा आहेत. पण भाषांतराची सोय स्वतः केल्यास प्रतिनिधीला अन्य भाषेतही बोलता येते. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी यांनी आमसभेत हिंदीतून भाषण केले. त्याच नियमाने कामकाज मराठीत चालवावे आणि ज्याला गोंडी किंवा माडिया सोयीची वाटते त्याला तीत बोलू द्यावे. त्याच्या वर्गमित्राने मराठीत भाषांतर करावे. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा विद्यार्थी अशा वेळी बोलता होतो आणि भाषांतर करणाऱ्यालाही आपल्या दोन्ही भाषांचा कस लावावा लागतो.

गावातील पाठशाळा

या पद्धतीचा वस्तुपाठ पाहण्यासाठी दूर जावयास नको. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभा आपले निर्णय सर्वसहमतीने घेते. एखाद्याचा विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलून चर्चा चालू ठेवली जाते. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी तेथे अभ्यासगट बसतो. जाणकारांना बोलावून प्रश्न विचारले जातात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. अभ्यास आधी व निर्णय नंतर, या शिस्तीचे ते फळ होय. संयुक्त राष्ट्रसंघातही अनेक ठराव मतदानाशिवाय, सहमतीनेच संमत होतात, हे विद्यार्थ्यांना येथे सांगता येईल.

सरपंचांनी व पंचायत सदस्यांनी शाळेच्या अभिरूप सभेस प्रेक्षक म्हणून यावे, आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखादी ग्रामसभा दाखवावी. आज कॅनडाची किंवा केनियाची बाजू अभ्यासून मांडणारी मुले वयाची १८ वर्षे पूर्ण होताच ग्रामसभेची सभासद होणार आहेत. समोर ठेवलेला कागद वाचल्यावाचून त्यावर सही करावयाची नाही, एवढे जरी त्यांनी या सभेतून उचलले, तरी चार आठवड्यांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.