मण्यांची परंपरा

‘पारंपरिक’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जे जुने आणि जे बाहेरून आलेले नाही ते पारंपरिक, असा साधारण समज असतो. उत्तर अमेरिकेतील अनिशिनाबे आणि डेलावेअर या मूळ रहिवाशांच्या कपड्यांवरील मणीकाम पाहिले की हा समज टिकत नाही, असे मला वाटते.

अनिशिनाबे हे पंचमहासरोवरांच्या परिसरातले. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी हे त्यांच्यातले प्रमुख लोक. डेलावेअर स्वतःला लेनापे म्हणवतात. ‘डेलावेअर’ हे नाव व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डे ला वॉर याच्यावरून आधी नदीला आणि नदीवरून माणसांना पडले. ज्यांची नदी त्यांनाच परक्याचे नाव चिकटावे, हा विनोद कडवटच म्हणायचा.

पूर्वी या स्त्रिया साळिंदराचे काटे भिजवून मऊ करीत, चपटे करीत आणि रंगवून हरणाच्या कातड्यावर टाचीत. पुढे युरोपी व्यापाऱ्यांनी फरच्या बदल्यात व्हेनिस व बोहेमियातले काचमणी आणले. ओजिब्वे भाषेत मण्याला ‘मनिदूमिनेन्स’ म्हणतात. ‘मनिदू’ म्हणजे दैवी शक्ती, ‘मिन’ म्हणजे बोरासारखे फळ किंवा बी. माल परका, पण शब्द घरचा!

कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. एका सुईच्या दोऱ्यात मणी ओवायचे आणि ती सर आखलेल्या रेषेवर ठेवायची. दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांनंतर बारीक टाका घालून ती कापडाला बांधायची. त्यामुळे वेल हवी तशी वळते. मागावर विणलेल्या मणीकामात नक्षी चौकटीतच राहते. फुलापानांचे नमुने बर्चच्या, म्हणजे आपल्या भूर्जाच्या जातीच्या झाडाच्या, सालीतून कापून ठेवीत.

या कामाचा कळस म्हणजे खांद्यावरून तिरपी घ्यायची मोठी पिशवी. तिचा आकार युरोपी सैनिकांच्या काडतुसांच्या पिशवीवरून घेतलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओजिब्वे स्त्रियांनी तिच्यावर पाने, कळ्या, फुले अशी दाट भरली की काही पिशव्यांना तोंडच ठेवले नाही. करणाऱ्या बायका, मिरवणारे बहुधा पुरुष.

डेलावेअरांची पिशवी निराळी. तिच्यावर ओळखू येणारी फुले कमी, ठसठशीत रंगांच्या मुक्त आकृत्या अधिक. पट्ट्याच्या दोन बाजूंवर पुष्कळदा दोन वेगळ्या नक्षी. यामागे त्यांचे विस्थापन आहे. 1778 साली फोर्ट पिट येथे अमेरिकी सरकारशी त्यांचा तह झाला, तरी ओहायो, इंडियाना, मिसूरी, कॅन्सस असे ते हटवले गेले आणि 1867 च्या करारानंतर त्यांतले बरेच आजच्या ओक्लाहोमात गेले. काही कॅनडात, ओंटारिओत स्थिरावले. वाटेत भेटलेल्या इतर लोकांच्या नक्षीची छाया त्यांच्या कामावर पडली.

संग्रहालयात अशा पिशवीखाली बहुधा जमातीचे नाव असते, करणारीचे नसते. आज मात्र मण्यांचे काम करणाऱ्या कलावंत आपल्या नावानिशी पुढे येतात. जमातीबाहेरच्यांनी केलेला माल ‘इंडियन’ म्हणून विकणे अमेरिकेत 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे. मणी कोठून आले, हे तो कायदा विचारत नाही. ते कोणी ओवले, हे विचारतो.