युद्धातला जुना टोप खरा की नकली? पैसे मोजण्याआधी करा हे पाच तपास



जुन्या वस्तूंच्या व्यवसायावरच्या मालिकेत आज युद्धकाळातल्या वस्तू घेऊ. लोखंडी टोप, पदकं, शिरस्त्राणं. संग्राहक या वस्तू घेतात, हॉटेलवाले सजावटीला घेतात, नाटक-सिनेमावालेही घेतात. मागणी आहे, म्हणूनच नकली मालही आहे.

आपल्या वऱ्हाडात याला एक वेगळा धोका आहे. इथला इतिहास खरा आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली (आजचा अकोला जिल्हा, तेल्हारा तालुका). १५ डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला. महिना संपता संपता अंजनगाव सुर्जीत शिंद्यांशी तह झाला. त्यामुळे कोणी म्हटलं, "हा गाविलगडच्या लढाईतला टोप हाय भाऊ, आबाच्या आबापासून घरातच हाय," की आपली छाती फुगते आणि हात खिशात जातो. नकली माल विकणारा लोखंड विकत नाही, तुमचा अभिमान तुम्हालाच विकतो. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत, वस्तूचे द्यायचे.

आधी हिशोब

समजा, एक टोप तुम्ही ६,००० रुपयांना घेतला आणि ८,००० ला विकला. नफा २,०००. महिन्याभरात गिऱ्हाईक परत आलं, टोप नकली निघाला. तुम्ही ८,००० परत केले. हातात राहिला शोभेचा टोप, किंमत फार तर १,०००. म्हणजे ५,००० चं नुकसान. ते भरून काढायला तीन खरे टोप विकावे लागतील. आणि गेलेलं नाव? ते या हिशोबात धरलेलंच नाही.

तपास १: साल जुळतं का?

पसरट कडेचा, उलट्या थाळीसारखा लोखंडी टोप तुम्ही युद्धपटांत पाहिला असेल. त्याला ब्रोडी हेल्मेट म्हणतात. जॉन ब्रोडी यांनी त्याचं पेटंट घेतलं १९१५ साली. हाच टोप १८०३ चा म्हणून कोणी दाखवला, तर तो ११२ वर्षांनी चुकतोय. टोप पहिल्या महायुद्धातला खरा असूही शकतो, पण गोष्ट खोटी आहे. भाव मग महायुद्धाच्या टोपाचा द्यायचा, गाविलगडचा नाही.

तपास २: पदकावर राणी कोण?

आता उलटी गंमत बघा. अडगाव आणि गाविलगड इथं लढलेल्या कंपनीच्या सैनिकांना खरोखर पदक मिळालं. त्यावर या लढायांच्या नावाच्या चांदीच्या पट्ट्या असतात. आणि पदकावर चेहरा आहे व्हिक्टोरिया राणीचा!

नवखा माणूस म्हणेल, "राणीचा जन्म १८१९ चा, लढाई १८०३ ची, म्हणजे नकली." पण हे 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूरच झालं १८५१ साली, तेही तोवर हयात असलेल्यांसाठी. लढाईनंतर ४८ वर्षांनी जिवंत राहिलेले किती असणार? म्हणून ते दुर्मिळ आणि महाग आहे. मागच्या बाजूला १७९९-१८२६ अशी वर्षं असतात. तिथं कोणी नुसतं '१८०३' दाखवलं, तर हात जोडून उठा.

पदकाची कडा भिंगातून बघा. तिथं सैनिकाचं नाव असतं. जुनं नाव घासून नवं टाकलं असेल तर कडा झिजून व्यास कमी भरतो. व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी माप घ्या. आणखी एक: खऱ्या पदकावर खोटी पट्टी जोडूनही भाव वाढवतात, म्हणून पदक आणि पट्टी वेगवेगळी तपासा.

तपास ३: लोहचुंबक

बहुतेकांना वाटतं, चुंबक चिकटलं म्हणजे अस्सल लोखंड. इथं तेही उलटं आहे. ब्रिटनमध्ये बनलेले लढाऊ टोप सुरुवातीच्या थोड्या मालानंतर मँगनीज मिसळलेल्या हॅडफिल्ड पोलादाचे झाले. त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. साध्या पत्र्याच्या नकलेला खटकन चिकटतं.

पण सरसकट निकाल देऊ नका. नागरी संरक्षणासाठी हलक्या पोलादाचे टोपही निघाले. त्यांच्या कडेला छिद्रं पाडून खूण केलेली असते. ते खरेच, पण भाव कमी.

तपास ४: आतलं कापड आणि दोरा

टोप जुना आणि आतलं अस्तर नवं, हा नेहमीचा प्रकार. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात आत मारा. आजच्या कापडात आणि दोऱ्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर-पांढरी उजळतात. जुनं सुती कापड सहसा मंद राहतं. मात्र कोणी ते डिटर्जंटमध्ये धुतलं असेल तर तेही चमकेल. अशा वेळी मालकाला विचारून सुटलेला एखादा धागा जाळून बघा. सुती धाग्याची राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

तपास ५: गंज आणि सोनेरी काम

खरा गंज सगळीकडे सारखा नसतो. रिव्हेटच्या भोवती, कडेच्या घडीत जास्त, हात लागतो तिथं कमी. आम्ल किंवा मिठाचं पाणी लावून आणलेला गंज रंग दिल्यासारखा सपाट दिसतो.

वर टोक, नाकावर पट्टी आणि मागे साखळ्यांची झालर असलेली शिरस्त्राणं सजावटीसाठी आजही बनतात. त्यावरचं सोनेरी काम भिंगाखाली धरा. अस्सल कोफ्तगिरीत पोलादावर आधी बारीक रेघा पाडतात आणि त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. झिजलेल्या जागी त्या रेघा दिसतात. नकलेत नुसता सोनेरी रंग असतो.

कायदा आणि बिल

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू 'पुरावशेष' ठरते. तिचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती परदेशात पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाला आता १०० वर्षं उलटली आहेत, हे विसरू नका. नवशिक्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या टोपापासून सुरुवात करावी.

बिलावर तीनपैकी एक शब्द लिहाच: 'अस्सल', 'दुरुस्त केलेलं' किंवा 'नक्कल'. नक्कल विकणं गुन्हा नाही, नक्कल अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे. उलट, चिखलदऱ्याला येणाऱ्या पर्यटकाला 'ही नक्कल आहे' असं सांगून चांगलं शिरस्त्राण विकलंत, तर तो स्वच्छ धंदा आहे. त्यात भांडवल कमी लागतं आणि झोपही शांत लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

भिंग, चुंबक, कॅलिपर आणि जांभळा टॉर्च एका पिशवीत भरा. भंगारच्या किंवा जुन्या वस्तूंच्या तीन दुकानांत जा, दहा वस्तू तपासा, वहीत नोंदी करा. एकही विकत घेऊ नका. दहा वेळा 'नाही' म्हणता आलं, की अकराव्या वेळी 'हो' म्हणायला तुम्ही तयार झालात.

भेटूया पुढच्या भागात!