डार्टमूरच्या माळावरून प्लिमच्या खोऱ्यांत

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी सायकली घेऊन गांवाबाहेरच्या सड्यावर गेले होते. वाटेवर चिखल होता म्हणून त्यांनीं ती सोडली, व दोन्ही बाजूंच्या ओल्या गवतांतून सायकली घातल्या. दिवाळीनंतर मी तिकडे गेलों, तों गवत वाळून गेलें होतें. परंतु चाकांच्या चाकोऱ्या तशाच होत्या. तेथील एक म्हातारा गुराखी मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या पोरांनी एका वाटेच्या चार वाटा केल्या. आता गुरांनी चरावं कुठं?" शाळेंत आल्यावर मी मुलांस रागावलों. तेव्हां त्यांपैकीं एकानें नम्रपणें विचारलें, "सर, जागा मोकळी, टायर जाड, मग वाटेवरूनच कां जावें?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि खरें सांगावयाचें तर मला त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें नाताळच्या सुटींत इंग्लंडांतील डार्टमूर नांवाच्या प्रदेशाविषयीं वाचीत असतां तें उत्तर सांपडलें. तेंच येथें मांडतों.

विद्यार्थीमित्रहो, 'मूर' या शब्दास मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं. उंचावरचें, झाडें नसलेलें, ओलसर व आंबट मातीचें माळरान म्हणजे मूर. तेथें खरबरीत गवत, जांभळ्या फुलांचें हेदर नांवाचें झुडूप आणि पाणथळ जागीं शेवाळ, एवढेंच काय तें उगवतें. डार्टमूर हें डेव्हन परगण्यांत आहे. १९५१ सालीं त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचें क्षेत्रफळ ३६८ चौरस मैल आहे. त्यांतील सर्वांत उंच जागा, हाय विल्हेज, २०३७ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनहि कमी! उंची ऐकून सह्याद्रींतल्या मुलास हंसूं येईल. पण डोंगराचा स्वभाव उंचीवरून नव्हे, तर त्याच्या दगडावरून व त्यावर पडणाऱ्या पाण्यावरून ओळखावा. आपला दगड पृष्ठभागावर पसरलेल्या लाव्ह्याचा. तेथील दगड ग्रॅनाइट, जो सुमारें २८ कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या पोटांत सावकाश थंड झाला. वरचे थर झिजून गेल्यावर तो उघडा पडला. टेंकड्यांच्या माथ्यावर एकावर एक रचून ठेवल्यासारखे जे त्याचे खडक दिसतात त्यांस तेथें 'टॉर' म्हणतात.

या माळावर प्रिन्सटाउन हें गांव सुमारें १४०० फुटांवर वसलेलें आहे. तेथें वर्षास सुमारें २००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या घाटमाथ्यावर याहून पुष्कळ अधिक पडतो खरा, पण तो चार महिन्यांत पडून जातो व पुढें आठ महिने जमीन वाळते. डार्टमूरला पाऊस बारा महिने येतो, ऊन बेताचें, आणि खालचा ग्रॅनाइट पाणी सहसा मुरूं देत नाहीं. अशा थंड व सदा ओल्या जागीं मेलेली वनस्पति पुरती कुजत नाहीं. तिचा काळा, मऊ थर सांचत जातो. त्या थरास पीट म्हणतात. पीट बनविणाऱ्या वनस्पतींत मुख्य म्हणजे स्फॅग्नम नांवाचें शेवाळ. तें आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें वीसपट पाणी धरून ठेवूं शकतें. म्हणजे माथ्यावरची ती दलदल ही एक प्रचंड ओली गादीच होय. पाऊस पडला कीं ती पितें, आणि उघडीप झाली कीं थोडें थोडें सोडते. डार्ट, टेन, टॅव्ही, प्लिम या साऱ्या नद्या या माळावरच उगम पावतात. प्लिमथ शहराकरितां सर फ्रान्सिस ड्रेक यानें १५९१ सालीं मीव्ही नदीचें पाणी पाट काढून नेलें. पुढें १८९८ सालीं त्याच नदीवर बरेटरचा तलाव बांधण्यांत आला. शहरांतील नळाचें पाणी व माळावरचें शेवाळ यांचें नातें इतकें जवळचें आहे.

आतां चाकाकडे वळूं. पीटचा थर वाढतो तो वर्षास जेमतेम एक मिलिमीटर. ओल्या पीटवरून दहाबारा सायकली एकामागून एक गेल्या आणि चार इंच खोल चाकोरी पडली, तर तेवढा थर सांचावयास शंभर वर्षें लागलीं होतीं, हा हिशेब तिसरीचा मुलगाहि करील. आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाहीं. बैलाचा खूर खड्डा करतो. खड्ड्यांत पाणी थांबतें. चाक मात्र सलग रेघ ओढतें. ती रेघ उताराच्या दिशेनें गेली कीं तिचा चर होतो. चरांतून पाणी धांवूं लागतें. धांवतें पाणी चर आणखी खोल करतें, आणि दोन्ही बाजूंची दलदल हळूहळू रिकामी होते. वाळलेलें पीट मग कुजूं लागतें, व शतकानुशतकें त्यांत कोंडलेला कर्ब हवेंत जातो. टायर जाड असल्यानें बसणाऱ्यास धक्के कमी बसतात. जमिनीच्या दृष्टीनें मात्र ओल्या जागीं चर पडावयाचा तो पडतोच.

यांत सर्वांत फसविणारी गोष्ट चिखल टाळण्याची आहे. वाटेंत डबकें दिसलें म्हणजे सभ्य मनुष्य बाजूनें जातो. त्याच्या मागचा त्याच्याहि बाजूनें जातो. अशा रीतीनें हातभर रुंदीची वाट वर्षा दोन वर्षांत बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. म्हणून तिकडील जाणते लोक सांगतात कीं, डबक्यांतून सरळ जा, कपडे मळूं द्या, अगर वाट फारच ओली असेल त्या दिवशीं जाऊंच नका. आमच्या मुलांनीं केलें तें नेमकें याच्या उलट; आणि मींहि त्यांस सहलीपूर्वीं बूट स्वच्छ ठेवण्याचाच उपदेश केला होता!

दुसरा प्रश्न हक्काचा. माळ मोकळा दिसतो, पण तो कोणाचाच नाहीं असें नाहीं. मध्यभागाचा मोठा प्रदेश १३३७ सालापासून डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीकडे आहे. त्यावर व भोंवतालच्या सामायिक माळांवर आसपासच्या शेतकऱ्यांस गुरें, मेंढ्या व तट्टें चारण्याचा पुरातन हक्क आहे. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्यानें सर्व लोकांस या सामायिक माळांवर फिरण्याची मोकळीक दिली. ती पायीं अथवा घोड्यावर बसून. सायकलीचें नांव त्यांत नाहीं. सायकलस्वारास वाट मिळाली ती त्याआधीं, १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्यानें. त्या कायद्यानें घोडवाटांवर सायकल नेण्याची मुभा दिली, परंतु पादचारी व घोडेस्वार यांस आधीं वाट द्यावी अशी अट घातली. शिवाय सायकलीकरितां वाट सुधारून देण्याची जबाबदारी कोणावर टाकली नाहीं. पायवाटेवर तर हा हक्कहि नाहीं. नकाशावर घोडवाट कोणती व पायवाट कोणती हें ओळखतां येणें हा म्हणून तेथें शिष्टाचाराचा पहिला धडा आहे. अनुवादाच्या पुस्तकांत शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवूं नये असा नियम आपण वाचतों. वाट रुंद करीत जाणें हेंहि मला त्याच जातीचें वाटतें.

आणि या वाटा कोणी पाडल्या? गंमतीखातर कोणीच नाहीं. माळाच्या मध्यभागीं राहणाऱ्या शेतकऱ्यांचें मंदिर पूर्वीं लिडफर्ड येथें होतें. मृतास खांद्यावर घेऊन सुमारें १२ मैल दलदल व ओढे ओलांडीत तेथें न्यावें लागे. त्या वाटेस लिच वे, म्हणजे प्रेतवाट, असें नांव पडलें. १२६० सालीं बिशप ब्रॉन्सकोम यांनीं कांहीं घरांस जवळच्या वाइडकोम मंदिरांत जाण्याची परवानगी दिली, तेव्हां त्यांचे हे हाल कमी झाले. मला हा इतिहास वाचतांना पावसांत खांदे बदलीत जाणारीं तीं माणसें दिसूं लागलीं. ज्या वाटेवर इतकीं पावलें पडलीं आहेत तिच्यावर घंटी न वाजवितां भरधांव सुटावें असें कोणास वाटेल?

जाड टायरांची ही सायकल, जिला माउंटन बाईक म्हणतात, ती मात्र अलीकडची. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील माउंट टॅमलपायसच्या उतारांवर कांहीं तरुण जुन्या भक्कम सायकली दुरुस्त करून पळवूं लागले, तेथून ती निघाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तिच्या शर्यती तेथेंहि होऊं लागल्या. पण आपण शर्यत सोडून एक साधा प्रवास कल्पनेनें करूं.

प्रिन्सटाउन येथें निघावें. तेथील काळा तुरुंग नेपोलियनच्या लढायांतील फ्रेंच कैद्यांसाठीं १८०९ सालीं पुरा झाला. त्याच्या उभारणीस कारण झालेले सर टॉमस टिरविट यांनीं १८२३ सालीं प्लिमथकडे घोड्यांनीं ओढावयाची लोहवाट सुरू केली. पुढें १८८३ त तिच्याच बऱ्याचशा मार्गानें आगगाडी आली, व १९५६ त बंद झाली. रूळ निघाले, पण खडी, बांध व मोऱ्या राहिल्या. म्हणून ही वाट सायकलीस उत्तम. आगगाडीस तीव्र चढ चढवत नाहीं, यास्तव ती किंग्ज टॉरच्या कुशीला मोठा वळसा घालून उतरते. ही गोष्ट ध्यानांत ठेवा: उताराला आडवी जाणारी वाट टिकते, कारण पाणी तिला ओलांडून खालीं जातें, उताराबरोबर सरळ खालीं जाणारी वाट स्वतःच ओढा बनते. आपल्या घाटांतील बैलांच्या वाटा नागमोडी कां, याचेंहि अर्धें उत्तर यांत आहे. उरलेलें अर्धें बैलाला विचारावें.

टॉरजवळच्या खाणीपाशीं कोरीव दगडांचे बारा मोठे तोडे गवतांत पडलेले आहेत. १९०३ च्या सुमारास लंडन ब्रिज रुंद करण्यासाठीं ते घडविले गेले, व मागेंच राहून गेले. वारा येथें अंगाला झोंबतो. धुकें आलें तर पुढचें चाकहि दिसेनासें होतें, व मोकळ्या हिंडणाऱ्या तट्टांची शिंगरें अचानक आडवीं येतात. पुढें बरेटरच्या तलावाशीं आल्यावर एकदम झाडी लागते. कारण असें कीं, ग्रॅनाइटची सीमा जवळ आल्यावर नद्यांनीं कडा खोल कापली आहे. खोल दरींत वारा नाहीं, निचरा चांगला आहे, म्हणून ओक वाढतो. शॉ येथें मीव्ही प्लिमला मिळते. तेथून दुसऱ्या एका जुन्या लोहमार्गानें, जो १८५९ सालीं सुरू होऊन १९६२ सालीं बंद पडला, सुमारें तीनशे यार्डांचा बोगदा व दरीवरचे उंच पूल ओलांडीत प्लिमब्रिजच्या रानांत उतरतां येतें.

या रानांत नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें माउंटन बाईकसाठीं मुद्दाम वेगळ्या वाटा राखल्या आहेत. धीट मुलांनीं उड्या मारावयाच्या त्या येथें माराव्या. खालीं लोहमार्गाच्या सपाट वाटेवर म्हातारीं माणसें काठी टेंकीत व आया बाळांच्या गाड्या ढकलीत चाललेल्या असतात, आणि बाजूनें प्लिम नदी, माळावरच्या पीटमुळें चहाच्या रंगाची, खाडीकडे जात असते.