परकी वनस्पती : ओळख आणि पारख

कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकरी एखाद्या नव्या झुडपास ‘परके’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचा नेमका अर्थ ध्यानी घेणे अगत्याचे आहे. जी वनस्पती मूळ प्रदेशाबाहेर माणसाच्या हाताने, जाणता वा अजाणता, येऊन पोहोचली ती परकी होय. परकी वनस्पती अपायकारकच असते, असे मात्र समजू नये. मिरची व काजू ही दोन्ही अमेरिका खंडातील असून 16 व्या शतकात पोर्तुगीजांमार्फत येथे आली. आज मिरचीवाचून कोकणातील चूल पेटत नाही.

उपकारक पाहुणा

गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, हे मध्य अमेरिकेतील झाड होय. भातखाचरांच्या बांधावर त्याची लागवड करून कोवळा पाला चिखलणीच्या वेळी गाडल्यास जमिनीस नत्र मिळते. वेळोवेळी छाटणी केल्याने झाड ताब्यात राहते. हिरवळीच्या खतासाठी रानातील झाडे ओरबाडण्याची गरजही त्यामुळे कमी होते.

अपायकारक पाहुणे

घाणेरी ही अमेरिकेतील वनस्पती शोभेसाठी भारतात आणली गेली. पाखरे तिची फळे खाऊन बी दूरवर नेतात. तिच्या दाट जाळीखाली गवत खुरटते. टाकळा, शेवळे यांसारख्या पावसाळी रानभाज्यांनाही जागा उरत नाही. या भाज्यांवर ठाकूर व कातकरी कुटुंबांचा आहार व बाजारचे चार पैसे अवलंबून असतात. घाणेरीचा पाला खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते.

गाजर गवताची नोंद पुण्यात 1955 साली झाली. एक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या संसर्गाने कित्येकांच्या अंगास खाज सुटते व दम्याचा त्रास वाढतो. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी संथ पाण्यावर पसरून ओढे व तळी झाकून टाकते.

उपाय

1. गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातास कापड गुंडाळून मुळासकट उपटावे. मोकळ्या जागी टाकळ्याचे बी पेरावे; टाकळा त्यास वर येऊ देत नाही.
2. घाणेरी नुसती तोडल्यास पुन्हा फुटते. म्हणून बुंध्याखालचे मूळ खणून काढावे व त्या जागी लगेच गवताचे बी टाकावे.
3. जलपर्णी काठापासून दूर, उंचावर वाळवावी. पुन्हा पाण्यात जाऊ देऊ नये.

ग्रामसेवकांसाठी

एकट्याने शेत स्वच्छ केले तरी शेजारच्या पडीक जमिनीतून बी पुन्हा येते. यास्तव पहिल्या पावसानंतर शिवारफेरी काढून सर्व गावाने एकाच आठवड्यात हे काम करावे. नवे झाड दिसताच तीन प्रश्न विचारावेत : ते आपणहून पसरते काय? गवत व पीक यांना हटवते काय? गुरामाणसांस बाधते काय? उत्तरे ‘होय’ असल्यास विलंब करू नये. वनस्पतीची पारख तिच्या जन्मभूमीवरून नव्हे, तर वर्तनावरून करावी.